उंबरानंतर, खळ्याआधी

बायडी पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली ती कॉपीच्या संशयावरून. एम.एस्सी.च्या पहिल्याच चाचणीत तिनं लिहिलेल्या सगळ्या सिद्धता बाजारातल्या एका गाइडशी शब्दाशब्दाला जुळत होत्या. ते गाइड मला चांगलं ठाऊक होतं, कारण पोरांच्या डोक्यातून त्यातल्या चुका उपटण्यातच माझा निम्मा जीव जातो. एका ठिकाणी छापणाऱ्यानं 'एम'च्या जागी 'एन' टाकलाय आणि त्यामुळे पुढच्या ओळीला काही अर्थच उरत नाही. बायडीनं तो 'एन'सुद्धा इमानदारीनं लिहिला होता.

"कुठून उतरवलंस?" मी विचारलं. मला अशा वेळी गोड बोलता येत नाही.

"उतरवलं नाय, मॅडम. पाठ हाय."

"मग म्हण."

तिनं हात मागे बांधले, डोळे मिटले आणि सुरुवात केली. सगळं इंग्रजीत, कुठेही न अडखळता, किंचित डुलत. 'पुढच्या पानावरील आकृती पाहा' हेसुद्धा तिनं त्याच सुरात म्हटलं. स्टाफरूममधले दोघंतिघं हसले. मला हसू आलं नाही, भीती वाटली. ह्या मुलीला बी.एस्सी.ला पहिला वर्ग होता, आणि आपण काय म्हणतोय याचा तिला पत्ता नव्हता.

मी मूळची सांगलीची. नवरा तारापूरच्या वीज प्रकल्पात, म्हणून बिऱ्हाड बोईसरला आणि माझी नोकरी पालघरच्या कॉलेजात. इतकी वर्षं इथे काढूनही हायवेच्या पलीकडच्या डोंगरात काय चालतं याची मला फारशी माहिती नव्हती. बायडी तिथली. मनोरच्या पुढे, आत, एका वारली पाड्यावरची. पावसाच्या पाण्यावरची थोडी भातशेती, आणि भात झोडून झालं की घरातली माणसं वीटभट्टीवर. वडील ती लहान असतानाच गेले होते. भाऊ जिवल्या तारापूरच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पिंपं भरायचा. त्याचे तळहात कायम पिवळे. बायडी आश्रमशाळेत मराठीतून शिकली होती. कॉलेजात गणित एकदम इंग्रजीतून अंगावर आलं, तेव्हा तिनं तिला येत होतं तेच केलं. ऐकलं, डोळे मिटले आणि धरून ठेवलं.

हे धरून ठेवणं तिच्या घरातलंच. तिची आई, राहीबाई, धवलेरी होती. त्यांच्या लग्नात भटजी नसतो, धवलेरी असते. भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक काढून झाला की ती त्याच्यासमोर बसून गाते, आणि तिच्या गाण्यानं लग्न लागतं. राहीबाईच्या पाड्यावर त्या गाण्यात एक 'वाट' असते. देव डोंगरावरून निघाले, मग कुठे थांबले, तिथून कुठे आले, असं एकेक ठिकाण घेत त्यांना मांडवापर्यंत आणायचं. एखादं ठिकाण गळलं तर देव तिथेच उभे राहतात आणि लग्न लागत नाही. मग गाणं पहिल्यापासून. धवलेरीच्या मागे एक बाई बसते, तिची ओळ उचलून धरायला. बायडी नीट बसायला लागल्यापासून आईच्या मागे बसत होती.

म्हणजे पाठ करणं हा तिचा आळस नव्हता. तिच्या लेखी तीच बरोबर रीत होती. शब्द इकडचा तिकडे न करता म्हटलं की काम होतं. आणि तिचं काम होतही होतं, कारण आमच्याकडे परीक्षेत तीच ती प्रमेयं फिरवून फिरवून विचारतात. ह्या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

मी तिला फळ्याजवळ उभं केलं. दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही, ही सिद्धता लिहायला सांगितली. ती तिला अर्थातच येत होती. समजा लिहिता येतं. वरची संख्या नि खालची संख्या, दोघींना भागणारं सामायिक असं काही नाही. वर्ग केला की वरच्या संख्येच्या वर्गाला दोननं भाग जातो, म्हणून त्या संख्येलाही दोननं भाग जातो. मग तेच खालच्या संख्येबाबत निघतं. दोघींना दोननं भाग गेला, सुरुवातीला म्हटलं त्याच्या हे उलट झालं, म्हणून लिहिता येत नाही. तिनं शेवटी सिद्धता संपल्याचा छोटा चौकोन काढला आणि बाजूला झाली.

"छान. आता दोनच्या जागी चार घाल आणि तसंच लिही."

तिनं लिहिलं. प्रत्येक दोनचा चार केला, बाकी एक अक्षर बदललं नाही. शेवटी पुन्हा चौकोन.

"म्हणजे चारचं वर्गमूळ अपूर्णांकात लिहिता येत नाही. झालं सिद्ध?"

"हो, मॅडम."

"चारचं वर्गमूळ किती गं?"

ती दोन म्हणाली, आणि म्हणतानाच तिच्या लक्षात आलं. दोन काय, कुणालाही लिहिता येतो. दोन छेद एक. ती फळ्याकडे बघत राहिली. मी सहसा मुलांना इतका वेळ देत नाही, पण त्या दिवशी दिला. "प्रत्येक ओळीला विचार," मी म्हटलं, "कशावरून? तिचं उत्तर आलं तरच पुढच्या ओळीवर जायचं." हा माझा वर्गातला नेहमीचा शब्द. पोरं माझ्या माघारी मला 'कशावरून मॅडम' म्हणतात, हेही मला माहीत आहे.

बऱ्याच वेळानं तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. "वर्गाला चारनं भाग गेला म्हणून संख्येला जातोच असं नाय. सहाचा वर्ग छत्तीस. छत्तीसला चारनं जातो. सहाला नाय जात." मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, सगळं बरोबर म्हटलं होतं. तरी खोटं निघालं."

त्यानंतरचं वर्ष तिला फार जड गेलं. पाठ करण्यावरचा विश्वास उडाला आणि विचार करण्याची सवय अजून लागली नव्हती. चाचण्यांत ती नापास होऊ लागली. हॉस्टेलवर रडायची, असं तिच्या खोलीतली प्रतीक्षा मला सांगायची. 'प्रत्येक' आणि 'एखादा' ह्या दोन शब्दांत तर तिनं महिने घालवले. प्रत्येक संख्येसाठी एखादी मोठी संख्या असते, हे खरं. एखादी संख्या प्रत्येक संख्येपेक्षा मोठी असते, हे खोटं. शब्द तेच, नुसता क्रम बदललेला. हा फरक जिथे अंगात भिनतो तिथे खरं गणित सुरू होतं, आणि बरीच मुलं त्या उंबऱ्यावरूनच परत फिरतात. ही फिरली नाही.

एक दिवस ती स्टाफरूममध्ये कागद घेऊन आली. मी दिलेल्या एका प्रश्नाची सिद्धता होती. पुस्तकातल्यापेक्षा लांब, वेडीवाकडी, अर्धी मराठीत अर्धी इंग्रजीत, मध्ये एक वळसा उगाच घेतलेला. पण प्रत्येक ओळ तिची होती आणि प्रत्येक ओळीखाली कारण होतं. मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला, आणि मी कुणासाठी चहा मागवत नाही.

चहा पिताना ती म्हणाली, "आता पाठ होत नाय, मॅडम. वाचायला घेतलं की मधेच प्रश्न पडतो. आधी आपोआप तोंडातून यायचं. आता डोक्यातून काढावं लागतं."

मी म्हटलं, "मग चांगलंच आहे की. विसरलीस तरी पुन्हा काढशील." गणितापुरतं ते खरंच होतं.

लग्नं उन्हाळ्यात असतात आणि आमच्या परीक्षाही उन्हाळ्यात. बी.एस्सी.पासून तिला एकाही लग्नाला आईच्या मागे बसता आलं नव्हतं. तिच्या जागी मैनाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई बसायच्या, त्याही वारल्या. राहीबाई एकटीनंच निभावत होती. एकदा ती कॉलेजात आली. ठेंगणी, काळीसावळी बाई, पायात चप्पल नाही, आणि आवाज मात्र सगळ्या व्हरांड्यात ऐकू जाईल असा.

"बाय, हिची परीक्सा कदी संपल?"

मी तारीख सांगितली. तिनं मनात काहीतरी ताडून पाहिलं.

"म्हंजे या सालीबी नाय," ती म्हणाली. "बरं. लिहू दे तिला." आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून एसटी स्टँडकडे चालू लागली. परीक्षांच्या तारखा ठरवणाऱ्यांना ह्या जिल्ह्यात डोंगर आहे आणि डोंगरात लग्नं लागतात हे कुणी सांगितलेलं नसावं.

बायडी शेवटच्या वर्षाला असताना राहीबाईला भिवंडीकडे वीटभट्टीवर झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिला सगळं समजत होतं, माणसं ओळखत होती, पण तोंडातून नुसता घोगरा आवाज निघायचा. त्याच उन्हाळ्यात जिवल्याचं लग्न ठरलं होतं.

बायडी कॉलेजात यायची थांबली. हजेरीचं कारण काढून मी तिच्या पाड्यावर गेले. खरं तर मला राहवत नव्हतं. दुपारची वेळ होती. कुडाच्या घरात राहीबाई बाजेवर आडवी होती आणि बायडी तिच्या उशाशी डोळे मिटून गात होती. देव डोंगरावरून निघाले. देव उंबराखाली थांबले. देव खळ्यावर आले. इथे राहीबाईनं डाव्या हातानं बाजेच्या कडेच्या लाकडी गातावर खाडकन मारलं. बायडी थांबली.

"इथंच मारते," ती मला म्हणाली. "उंबरानंतर नि खळ्याआधी एक ठिकाण हाय. ते माझं गेलं, मॅडम. बाकी सगळं हाय. तेवढंच नाय."

मी म्हटलं, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचार. तिनं विचारलं होतं. एक म्हणाली आंबा, दुसरी म्हणाली दगडी पायरी, तिसरी म्हणाली, आमी ऐकतो बाय, धरत नाय. शेजारच्या पाड्याची धवलेरी आणता आली असती, पण तिच्या देवांची वाट निराळी. ही वाट फक्त राहीबाईकडे होती, आणि राहीबाईला आता एवढंच सांगता येत होतं की हे चूक. बरोबर काय ते सांगता येत नव्हतं. बरोबर असलं की हात नुसता पडून राहायचा.

बायडीनं मग ते शोधून काढायला घेतलं, मी शिकवलं होतं तसं. पुढच्या कडव्यात देव खळ्यावर ओल्या पायांनी येतात. पाय ओले कशावरून? तर मधे पाणी असलं पाहिजे. उंबर अजून उभा आहे, खळ्याची जागाही आहे, आणि दोन्हींच्या मधून सरळ चाललं तर पाणी कुठेतरी लागायला हवं. मी ऐकत होते आणि मला अभिमान वाटत होता. मरणाच्या दारातल्या बाईच्या उशाशी बसून अभिमान वाटत होता. पाणी होतं हे तिनं पक्कं केलं होतं. कोणतं पाणी, तेवढं राहिलं होतं.

ती उंबरापासून चालत गेली. पण मधला डोंगराचा भाग आता नाही. तिथे दगडाची खदाण आहे. सकाळपासून सुरुंग, डंपर आणि सगळीकडे पांढरी धूळ. कडेला उभी राहून ती खाली बघत राहिली, असं जिवल्या म्हणाला.

ती रोज आईपुढे बसून एकेक पाणी घालून पाहायची. ओहळ. हात बाजेवर आदळायचा. विहीर. हात आदळायचा. डोह, टाकं, पाट, पाणवठा. राहीबाई थकत चालली होती. हात आधी जोरात यायचा, मग सावकाश, मग नुसती बोटं गातावर वाजायची. जिवल्या एकदा चिडून म्हणाला, "तिला मरू दे ना नीट, बायडे. मी कोर्टात लग्न करीन." राहीबाईनं ते ऐकलं आणि त्या बोलण्यालाही बाजेवर हात मारला.

मग कुणी गुराखी सांगून गेला की खदाण होण्याआधी तिथे कातळातून झरा फुटायचा, उन्हाळ्यातही न आटणारा. बायडी धावत घरी आली. जिवल्या कामावर होता. तिनं आईला पाणी पाजलं, तोंड पुसलं आणि डोळे मिटून पहिल्यापासून वाट धरली. डोंगर. उंबर. देव झऱ्यात उतरले. ती क्षणभर थांबली. बाज वाजली नाही. ती पुढे गेली. खळं, ओले पाय, गावदेव, मांडव. शेवटपर्यंत गाणं कुठेही न तुटता गेलं. तिनं हसतच डोळे उघडले.

राहीबाईचे डोळे उघडे होते आणि हात बाजेखाली लोंबत होता.

जिवल्याचं लग्न थोडं पुढे ढकललं, पण त्याच उन्हाळ्यात लागलं. मी गेले होते. भिंतीवर चौक काढलेला, मांडवात आंब्याच्या डहाळ्या, आणि नवऱ्या मुलाच्या तळहातांवर हळद कुठली नि कारखान्याचा रंग कुठला ते कळत नव्हतं. बायडी आईच्या जागी बसली. मागे बसायला कुणी नव्हतं. तिनं गायला सुरुवात केली तशी म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. राहीबाईच बसलीय, असं एकजण माझ्या शेजारी म्हणाली. झरा आला, खळं आलं, देव मांडवात आले, आणि लग्न लागलं. लोक नाचायला उठले.

बायडी मांडवामागे जाऊन बसली. तिच्यासमोर जेवणाची पत्रावळ तशीच होती. मी शेजारी टेकले.

"लग्न लागलं, मॅडम?" तिनं विचारलं.

"लागलं की."

"कशावरून?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती टोमणा मारत नव्हती.

"आय हात मारायची म्हंजे चूक. नाय मारला म्हंजे बरोबर. पण त्या दिवशी हात मारला नाय, तो बरोबर होतं म्हणून, का हात उरलाच नव्हता म्हणून? ती कदी गेली ते मना ठाव नाय. माझे डोळे मिटलेले होते. झऱ्याच्या आधी गेली असंल तर त्याला कायबी अर्थ नाय."

मी तिला समजावू लागले. ओले पाय होते, झरा होता, अगदी त्याच ठिकाणी होता, सगळं जुळतंय. पाड्यावरच्या प्रत्येकाला पटलंय.

"चारच्या वर्गमुळालाबी सगळं जुळलं होतं," ती म्हणाली. "पटणं म्हंजे सिद्ध होणं नाय. तुमीच सांगितलं."

मी आयुष्यभर गणित शिकवलं. कितीतरी मुलांना मी हीच गोष्ट शिकवायला धडपडले आणि ती त्यांच्या डोक्यात शिरली नाही. ज्या एकीच्या शिरली तिच्याकडून ती काढून घ्यावीशी मला वाटली, आणि ते करता येत नाही. भाऊ मांडवात बायकोचा हात धरून नाचत होता. ती त्याच्याकडे अशी बघत होती, जणू त्याचं लग्न अजून लागलेलंच नाही.

ती पुढे एम.एस्सी. झाली, चांगल्या गुणांनी झाली. आता बोईसरला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. पोरं गाइड पाठ करून आली की फळ्यावर चारचं वर्गमूळ लिहिते, असं ऐकते. वर्षभरानं जिवल्याच्या बायकोचं पहिलं मूल पोटातच गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं आणि पाड्यावर कुणी बायडीला एका शब्दानं बोललं नाही. त्यानंतर ती महिनाभर भावाच्या घरी गेली नाही.

पाड्यावर दुसरी धवलेरी नाही, म्हणून उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासून झाल्या की लग्नं लावायला तीच जाते. बोलावणं आलं की मीही जाते. डोंगरापासून ती डोळे मिटून गाते, आईसारखीच, किंचित डुलत. उंबर येऊन गेला की डोळे उघडते. झऱ्याची ओळ म्हणताना समोर बसलेल्या बायांच्या हातांवरून तिची नजर फिरते, एकेका हातावर थांबत. कुणाचा हात उठत नाही. मग ती डोळे मिटते आणि देवांना खळ्यावर आणते.